लिनक्स लॅपटॉपची बॅटरी जाते कुठे? मोजूनमापून चोर पकडायची पद्धत

एका सकाळी बॅगेतून लॅपटॉप काढला तर हाताला चटका बसेल इतका तापलेला. रात्री झाकण लावताना बॅटरी ८१ टक्के होती. सकाळी पॉवर बटण दाबलं तर लाल दिवा दोनदा लुकलुकला आणि खेळ संपला.

मग मी तेच केलं जे जवळपास सगळेच करतात. इंटरनेटवर सापडतील तेवढे कर्नल पॅरामीटर (लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, सुरू होताना द्यायच्या सूचना) ग्रब या मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलीत एकामागोमाग एक चिकटवले, वर टीएलपी हा वीज वाचवणारा प्रोग्राम टाकला, पॉवरटॉप या वीज तपासणाऱ्या साधनाचं ऑटो-ट्यून चालवलं आणि मशीन रीबूट केलं. त्याचं फळ असं मिळालं की माऊसला दोन सेकंद हात लावला नाही की तो झोपी जायला लागला, स्क्रीन अधूनमधून फडफडायला लागली, आणि दुसऱ्या दिवशी बॅगेतला लॅपटॉप पुन्हा गरमच. खरा चोर निघाला वायरलेस माऊसचा नखाएवढा डोंगल. तो कसा सापडला ते पुढे येईलच. त्याआधी मी जे चिकटवलं होतं ते सगळं काढून टाकावं लागलं, कारण कोणत्या बदलाने काय झालं हे मलाच कळेनासं झालं होतं.

एक खुलासा. कमांड आणि फाइलींची नावं इथे आपण बोलतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायची. अपवाद दोन: बॅट०, बॅट१ आणि एक्सएचसी ही नावं मोठ्या अक्षरांत, आणि हँडललिडस्विचडॉक्डसारख्या जोडनावांत प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं. अंडरस्कोर, डॅश आणि तिरप्या रेघा जिथल्या तिथे दिल्या आहेत.

आधी तक्रार नेमकी काय ते ठरवा

"बॅटरी टिकत नाही" या एका वाक्यात निदान चार वेगवेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. बॅटरीच म्हातारी झाली आहे. किंवा बॅटरी ठीक आहे, पण लॅपटॉप चालू असताना जास्त वीज खातो. किंवा चालू असताना सगळं बरं आहे, पण झोपवल्यावर चार्ज गळतो. किंवा तो झोपतच नाही, नाहीतर झोपला की उठत नाही. या चारांची औषधं एकमेकांच्या उपयोगाची नाहीत. झोपेत गळणाऱ्या लॅपटॉपला टीएलपी लावून फारसं काही होत नाही, आणि ७० टक्क्यांवर आलेल्या बॅटरीला कुठलाही कर्नल पॅरामीटर तारुण्य परत देत नाही.

पायरी १: बॅटरीची तब्येत

यूपॉवर -डी

या कमांडच्या आउटपुटमध्ये बॅटरीच्या नावाखाली दोन आकडे शोधा: एनर्जी-फुल आणि एनर्जी-फुल-डिझाइन. पहिला म्हणजे बॅटरी आज जास्तीत जास्त किती साठवते, दुसरा म्हणजे कारखान्यातून निघताना किती साठवायची. दोन्ही वॉट-अवरमध्ये असतात. समजा डिझाइन ५० आहे आणि आजचा आकडा ३६.५, तर बॅटरी ७३ टक्के उरली. म्हणजे जो लॅपटॉप पूर्वी सात तास चालायचा तो आता सगळं नीट असूनही पाच तासच चालणार. हा हिशोब आधी केला तर पुढची बरीच डोकेफोड वाचते.

बॅटरी ३० टक्के दाखवत असताना लॅपटॉप अचानक बंद पडत असेल तर दोन शक्यता. एखादा सेल दमला आहे आणि लोड आला की व्होल्टेज कोसळतं, किंवा बॅटरीतल्या मोजणाऱ्या चिपचा अंदाज चुकला आहे. दुसऱ्या प्रकारात एकदा पूर्ण चार्ज, मग संपेपर्यंत वापर, मग पुन्हा पूर्ण चार्ज असा एक फेरा केला की आकडे बरेचदा ताळ्यावर येतात. हा फेरा दर महिन्याला करू नका. लिथियम बॅटरीला पूर्ण रिकामं होणं मानवत नाही.

पायरी २: एकच आकडा, वॉट

टक्के आणि "उरलेला वेळ" हे दोन्ही फसवे आहेत. उरलेला वेळ म्हणजे नुसता अंदाज, आणि तुम्ही एक व्हिडिओ सुरू केला की तो पालथा पडतो. भरवशाचा आकडा एकच: या क्षणी बॅटरीतून किती वॉट जात आहेत.

कॅट /सिस/क्लास/पॉवर_सप्लाय/बॅट०/पॉवर_नाऊ

उत्तर मायक्रोवॉटमध्ये येतं, म्हणून शेवटचे सहा अंक सोडून वाचायचं. ६८४०००० म्हणजे ६.८४ वॉट. काही लॅपटॉपांत बॅट० ऐवजी बॅट१ असतं. काहींत पॉवर_नाऊ ही फाइलच नसते, त्याऐवजी करंट_नाऊ आणि व्होल्टेज_नाऊ असतात. तिथे गुणाकार करायचा: करंट ६२०००० म्हणजे ०.६२ अँपिअर, व्होल्टेज ११४००००० म्हणजे ११.४ व्होल्ट, गुणाकार सुमारे ७.१ वॉट.

मोजायची पद्धत ठरलेली असू द्या. चार्जर काढा. ब्राइटनेस एका जागी ठेवा, मी निम्म्यावर ठेवतो. सगळे प्रोग्राम बंद करा, वायफाय चालू ठेवा, आणि पाच मिनिटं मशीनला हात लावू नका. मग दर दहा सेकंदांनी एक अशी दहा-बारा वाचनं घ्या आणि सरासरी काढा. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेला बऱ्यापैकी नवा लॅपटॉप अशा निवांत अवस्थेत साधारण ४ ते ७ वॉटवर बसतो. १० च्या वर असेल तर आत कोणीतरी जागं आहे. हा आकडा कागदावर लिहून ठेवा. इथून पुढे प्रत्येक बदलानंतर याच आकड्याशी तुलना करायची, आणि एका वेळी एकच बदल करायचा.

पायरी ३: एका म्यानात दोन तलवारी आहेत का?

ही चूक मी स्वतः केली आहे आणि इतरांच्या मशीनवरही पुष्कळदा पाहिली आहे. वीज वाचवणारे प्रोग्राम एकापेक्षा जास्त चालू असतात आणि एकाने लावलेली सेटिंग दुसरा मोडतो. टीएलपी, पॉवर-प्रोफाइल्स-डीमन, ट्यून्ड, ऑटो-सीपीयूफ्रिक हे सगळे प्रोसेसरच्या त्याच खुंट्या पिळतात. उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपबरोबर पॉवर-प्रोफाइल्स-डीमन येतो, तर फेडोरा ४१ पासून त्याची जागा ट्यून्डने घेतली आहे. म्हणजे तुम्ही काहीही टाकलं नसलं तरी एक जण आधीच ड्युटीवर असतो. त्यावर टीएलपी टाकलं की भांडण सुरू.

सिस्टिमसीटीएल लिस्ट-युनिट्स --टाइप=सर्व्हिस

यादी डोळ्यांखालून घाला आणि वरच्यांपैकी एकच ठेवा. थर्मल्ड दिसला तर राहू द्या. तो तापमान सांभाळतो, या भांडणात नसतो. माझं मत विचाराल तर नव्या लॅपटॉपवर डिस्ट्रोने (उबुंटू, फेडोरा अशा तुमच्या लिनक्सच्या प्रकाराने) दिलेलंच ठेवावं. टीएलपीचा खरा फायदा जुन्या मशीनवर किंवा बारीकसारीक सेटिंग हाताने करायची हौस असलेल्यांना होतो.

इथेच गव्हर्नरचा, म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरवणाऱ्या धोरणाचा, एक गैरसमज काढून टाकू. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉपवर इंटेल_पीस्टेट हा ड्रायव्हर असतो आणि त्याचा गव्हर्नर पॉवरसेव्ह दाखवतो. लोक हे पाहून दचकतात आणि तो परफॉर्मन्सवर नेतात. पण या ड्रायव्हरमधला पॉवरसेव्ह प्रोसेसरला तळाच्या वेगाला बांधून ठेवत नाही. काम आलं की वेग वाढवतो, संपलं की उतरवतो. तळाला बांधणारा पॉवरसेव्ह वेगळा, तो जुन्या एसीपीआय-सीपीयूफ्रिक ड्रायव्हरमधला. नाव एकच, वागणं निराळं. इंटेलवर खरी खुंटी म्हणजे एनर्जी_परफॉर्मन्स_प्रेफरन्स ही फाइल, आणि प्रोफाइल बदलल्यावर तीच बदलते. एएमडी_पीस्टेटच्या ॲक्टिव्ह मोडमध्येही हाच प्रकार आहे.

पायरी ४: चालू असताना कोण खातंय

सुडो पॉवरटॉप

(सुडो म्हणजे पुढची कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवणं.) पहिल्या पानावर कोणता प्रोग्राम सेकंदाला किती वेळा प्रोसेसरला उठवतो ते दिसतं. प्रोसेसर किती काम करतो यापेक्षा त्याला किती वेळा झोपेतून उठवलं जातं याला इथे जास्त महत्त्व आहे. दर मिनिटाला दाराची बेल वाजवणारा पाहुणा आला तर तुमची झोप होईल का? तसंच. ब्राउझरचा मागे उघडा राहिलेला टॅब, हलणारा वॉलपेपर, फाइलींची यादी करणारा इंडेक्सर, क्लाउडशी फाइली जुळवणारा प्रोग्राम, हे नेहमीचे पाहुणे. प्रत्येक प्रोग्रामपुढे पॉवरटॉप वॉटचा जो आकडा लिहितं त्यावर मात्र फार विसंबू नका, तो अंदाज असतो. क्रम खरा माना, आकडा नाही.

टॅब दाबून दुसऱ्या पानावर, आयडल स्टॅट्सवर जा. इथे पॅकेज या रकान्यात सी२, सी३, सी६, सी८, सी१० अशा पायऱ्या दिसतात. आकडा मोठा तितकी झोप गाढ. मशीन निवांत असताना बराचसा वेळ सी८ किंवा सी१० मध्ये जायला हवा. सगळा वेळ सी२-सी३ मध्येच अडकलेला दिसला, तर प्रोसेसर मोकळा आहे पण कुठलं तरी उपकरण त्याला खाली उतरू देत नाही. एसएसडी, कार्ड रीडर, नेटवर्क कार्ड यांच्यापैकी एखाद्याचा पीसीआय दुवा सतत जागा राहतो. सध्याचं धोरण या फाइलीत दिसतं:

कॅट /सिस/मॉड्यूल/पीसीआयई_एएसपीएम/पॅरामीटर्स/पॉलिसी

ते डिफॉल्टवर असेल तर तात्पुरतं पॉवरसेव्ह करून वॉट मोजा. इंटरनेटवर पीसीआयई_एएसपीएम=फोर्स हा पॅरामीटर फार वाटला जातो. फर्मवेअरने (मशीनमध्येच बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरने, म्हणजे बायोसने) नको म्हटलेलं असतानाही तो जबरदस्ती करतो, आणि मग एसएसडी मध्येच गायब होणं, मशीन गोठणं असले प्रकार होऊ शकतात. मी तो वापरत नाही.

पॉवरटॉपच्या ट्यूनेबल्सच्या पानावर "बॅड" असं लिहिलेल्या ओळी दिसतील. सगळ्या एकदम "गुड" करायचा मोह होतो, आणि ऑटो-ट्यून नेमकं तेच करतं. माझा माऊस दोन सेकंदांत झोपायचा तो याच्यामुळे. त्याऐवजी एकेका ओळीवर एंटर दाबा, वॉट मोजा, फरक पडला तर ती ओळ लिहून ठेवा. यूएसबी माऊस आणि कीबोर्डच्या ओळी सोडून द्या. यातलं काहीही रीबूटनंतर टिकत नाही. प्रयोगासाठी हे सोयीचंच आहे.

दोन ग्राफिक्स कार्डांच्या लॅपटॉपवर मात्र बाकी सगळं सोडून आधी मोठं कार्ड झोपलंय का ते बघा. नुसतं जागं राहून ते सहज ५ ते १० वॉट खातं. एलएसपीसीआय या उपकरणांची यादी देणाऱ्या कमांडमधून त्याचा पत्ता घ्या, बहुधा ००००:०१:००.० असा असतो, आणि अर्धा मिनिट थांबून मग वाचा:

कॅट /सिस/बस/पीसीआय/डिव्हाइसेस/००००:०१:००.०/पॉवर/रनटाइम_स्टेटस

सस्पेंडेड आलं तर कार्ड झोपलंय, ॲक्टिव्ह आलं तर जागं. अर्धा मिनिट का थांबायचं? कारण एलएसपीसीआय चालवलं की तेवढ्यानेही कार्ड उठू शकतं. एन्व्हिडियाची एन्व्हिडिया-एसएमआय ही कमांड तर हमखास उठवते. बरेच जण ती कमांड एका खिडकीत सतत चालू ठेवून "कार्ड झोपत का नाही" म्हणून शोधत बसतात. वरच्या पट्टीत कार्डाचं तापमान दाखवणारं विजेटही हाच उद्योग करतं.

व्हिडिओ बघताना पंखा घरघरत असेल तर डिकोडिंग प्रोसेसरवर होतंय, ग्राफिक्सवर नाही. व्हीएइन्फो कमांड चालवून तुमचा फॉरमॅट यादीत आहे का बघा. इंटेल असेल तर इंटेल_जीपीयू_टॉप उघडा आणि व्हिडिओ चालू असताना व्हिडिओच्या रांगेत हालचाल दिसते का ते पाहा. शून्य असेल तर ड्रायव्हरचं किंवा कोडेकचं पॅकेज राहिलंय.

पायरी ५: झोप

सगळ्यात जास्त रडगाणी इथली, म्हणून इथे जरा थांबू.

लॅपटॉपच्या झोपेचे दोन प्रकार आहेत. जुना एस३: मेमरीला तेवढी वीज, बाकी सगळं बंद. नवा एस२आयडल: मशीन तांत्रिकदृष्ट्या चालूच असतं, पण प्रत्येक भागाने आपापलं गाढ झोपायचं असतं. एस३ मध्ये झोपवण्याचं काम फर्मवेअर करतं. एस२आयडलमध्ये सगळ्या ड्रायव्हरांनी शिस्त पाळावी लागते, आणि एकानेही पाळली नाही की बॅगेत भट्टी पेटते. तुमच्याकडे काय आहे?

कॅट /सिस/पॉवर/मेम_स्लीप

उत्तरात एस२आयडल आणि डीप असे दोन शब्द दिसतील, चौकटी कंसात असलेला सध्या निवडलेला. डीप म्हणजेच एस३. दोन्ही असतील आणि एस२आयडल निवडलेला असेल, तर कर्नल पॅरामीटर मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप लावून बघण्यासारखं आहे. डीप हा शब्दच नसेल तर तुमच्या फर्मवेअरने एस३ दिलेलं नाही. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत ते काढूनच टाकलंय, आणि पॅरामीटर लिहून ते उगवत नाही. काही थिंकपॅडच्या बायोसमध्ये स्लीप स्टेट नावाचा पर्याय असतो, तो विंडोजवरून लिनक्सवर नेला की एस३ परत मिळतं. आधी तिथे डोकावा.

आता गळती मोजा. झाकण लावण्याआधी एनर्जी_नाऊ ही फाइल वाचून आकडा आणि वेळ लिहा, उठल्यावर पुन्हा वाचा. ही फाइल नसेल तर चार्ज_नाऊ असते, तेव्हा तो आकडा व्होल्टेजने गुणायचा. आठ तासांत ४५ वरून ४३ वॉट-अवर झालं तर पाव वॉट, उत्तम. ४५ वरून २१ झालं तर ३ वॉट. एवढ्या विजेत मशीन झोपलेलं नसतं, नुसतं डोळे मिटून पडलेलं असतं.

मग लॉग:

जर्नलसीटीएल -के | ग्रेप -आय सस्पेंड

प्रत्येक झोपेची एक "एंट्री" आणि एक "एक्झिट" अशी जोडी दिसायला हवी. रात्री ११ ला एंट्री आणि सकाळी ७ ला एक्झिट, मधे काही नाही, आणि तरीही ३ वॉट गेले असतील, तर झोप उथळ आहे. कर्नल ६.४ किंवा नंतरचा असेल तर झोपेतून उठल्यावर हे बघा:

कॅट /सिस/पॉवर/सस्पेंड_स्टॅट्स/लास्ट_एचडब्ल्यू_स्लीप

मागच्या झोपेत हार्डवेअर खरोखर गाढ झोपेत किती मायक्रोसेकंद होतं ते यात असतं. शून्य आलं तर आठ तासांत एक क्षणही गाढ झोप लागलेली नाही. बाहेर जोडलेलं एखादं यूएसबी उपकरण, न झोपणारी एसएसडी, आवाजाचा किंवा वायफायचा ड्रायव्हर, यांपैकी कोण ते एकेक काढून पाहायचं. रात्रभर वाट पाहायची गरज नाही:

सुडो आरटीसीवेक -एम मेम -एस ६०

मशीन झोपतं आणि ६० सेकंदांनी आपोआप उठतं. यूएसबीचं सगळं काढा, चाचणी. वायफायचा मॉड्यूल (ड्रायव्हर) उतरवा, चाचणी. दहा मिनिटांत पाच संशयित तपासून होतात. एएमडीच्या लॅपटॉपवर एएमडी-एस२आयडल ही पायथनमधली कमांड हीच तपासणी आपणहून करते आणि अडवणारं काय ते साध्या भाषेत सांगते.

माझ्या लॉगमध्ये मात्र वेगळंच चित्र होतं. ११:०४ ला एंट्री, ११:०९ ला एक्झिट, आणि त्यानंतर सकाळपर्यंत काहीच नाही. म्हणजे झोप उथळ नव्हती. पाच मिनिटांत कोणीतरी उठवलं होतं आणि झाकण बंद असताना मशीन रात्रभर बॅगेत जागं होतं. उठवणाऱ्यांची यादी इथे असते:

कॅट /प्रोक/एसीपीआय/वेकअप

यात एनेबल्ड असलेला प्रत्येक जण लॅपटॉपला उठवू शकतो. एक्सएचसी म्हणजे यूएसबी कंट्रोलर, लिड म्हणजे झाकण. नेमकं कोणी उठवलं ते पाहायला, उठल्याबरोबर /सिस/पॉवर/पीएम_वेकअप_आयआरक्यू वाचा आणि तो क्रमांक /प्रोक/इंटरप्ट्स मध्ये शोधा. माझ्याकडे बोट एक्सएचसीकडे गेलं. प्रयोग म्हणून तो बंद केला:

इको एक्सएचसी | सुडो टी /प्रोक/एसीपीआय/वेकअप

इथे दोन खाचखळगे. एक, सुडो इको आणि पुढे मोठेपणाची खूण असं लिहिलं तर परवानगी नाकारली जाते, कारण फाइल उघडायचं काम सुडो नाही तर तुमचा शेल करतो. म्हणून टी ही फाइलीत लिहिणारी कमांड. दुसरा, ही फाइल स्विचसारखी आहे. तीच ओळ दुसऱ्यांदा चालवली की बंद केलेलं परत चालू. स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये ही ओळ चुकून दोन ठिकाणी लिहिणारे "कधी चालतं, कधी नाही" म्हणत हैराण होतात.

त्या रात्री लॅपटॉप शांत झोपला. पण एक्सएचसी बंद म्हणजे कुठलाच यूएसबी कीबोर्ड मशीन उठवू शकणार नाही, आणि मला टेबलावर तशी सवय आहे. म्हणून एक पायरी खाली उतरलो. यूएसबीच्या प्रत्येक उपकरणाला /सिस/बस/यूएसबी/डिव्हाइसेस मध्ये स्वतःची पॉवर/वेकअप फाइल असते. माऊसच्या डोंगलची ती फाइल एनेबल्ड होती. बॅगेत माऊस दुसऱ्या कप्प्यात, चालू अवस्थेत. पाऊल टाकलं की माऊस हलतो, माऊस हलला की लॅपटॉप उठतो. युडेव्हचा (उपकरण जोडलं की त्याला नियम लावणाऱ्या सेवेचा) एका ओळीचा नियम लिहिला: एलएसयूएसबीमध्ये दिसणारे व्हेंडर आणि प्रॉडक्टचे दोन आकडे जुळले की पॉवर/वेकअपची किंमत डिसेबल्ड. असा नियम लिहिल्यावर डोंगल काढून परत घाला आणि फाइल वाचून खात्री करा. स्वतःला कीबोर्डही म्हणवून घेणाऱ्या डोंगलच्या बाबतीत कर्नल ती किंमत नंतर पुन्हा एनेबल्ड करू शकतो.

झाकण लावलं तरी झोपत नाही

यात बहुतेक वेळा बिघाड नसतोच. सिस्टिमडीच्या लॉगिंडचा (झाकण, पॉवर बटण आणि लॉगिन सांभाळणाऱ्या सेवेचा) नियम आहे की बाहेरचा मॉनिटर जोडलेला असेल तर लॅपटॉप डॉकला आहे असं समजायचं आणि झाकणाकडे दुर्लक्ष करायचं. टेबलावर हे सोयीचं आहे. पण तुम्ही झाकण लावलं, मग मॉनिटरची केबल काढली आणि बॅगेत टाकलं, तर झोप लागली की नाही हे न बघता निघू नका. नियम बदलायचा असेल तर लॉगिंड.कॉन्फ मध्ये हँडललिडस्विचडॉक्ड या पर्यायाची किंमत सस्पेंड अशी लिहा आणि रीबूट करा. लॉगिंड सर्व्हिस रीस्टार्ट करायच्या फंदात पडू नका, त्यात उघडं सेशन मोडू शकतं.

मॉनिटर नसतानाही झोपत नसेल तर:

सिस्टिमडी-इनहिबिट --लिस्ट

मोडच्या रकान्यात ब्लॉक असलेला प्रोग्राम झोप अडवून बसलेला असतो. डिलेवाले निरुपद्रवी, ते फक्त आवराआवर करायला काही सेकंद मागतात. डेस्कटॉपचा स्वतःचा पॉवर प्रोग्राम झाकणाचं काम आपल्याकडे घेतो म्हणून तोही ब्लॉकमध्ये दिसेल. तसं असेल तर लॉगिंडची फाइल बदलून उपयोग नाही, डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये जा.

झोपतो, पण उठत नाही

काळी स्क्रीन दिसली की लगेच पॉवर बटण दाबून धरू नका. आधी कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो आहे? मग कर्नल जिवंत आहे, मेलाय तो डिस्प्ले. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून मजकुराचा कन्सोल येतो का बघा, किंवा दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने आत शिरून लॉग घ्या. एन्व्हिडियाच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर उठल्यानंतर कचरा किंवा काळोख दिसत असेल तर एन्व्हिडिया-सस्पेंड, एन्व्हिडिया-रिझ्यूम आणि एन्व्हिडिया-हायबरनेट या तिन्ही सर्व्हिस एनेबल आहेत का आणि ड्रायव्हरचा प्रिझर्व्हव्हिडिओमेमरीॲलोकेशन्स हा पर्याय १ आहे का ते तपासा.

कॅप्स लॉकचा दिवाच लागत नसेल तर मशीन गोठलंय. सक्तीने बंद करा, आणि पुन्हा सुरू झाल्यावर मागच्या बूटचा लॉग वाचा:

जर्नलसीटीएल -बी -१ -के

शेवटच्या ओळी झोपायच्या आधीच्याच असतील, कारण नंतरचं डिस्कवर लिहायला वेळच मिळालेला नसतो. अशा वेळी कर्नलची स्वतःची चाचणी वापरायची. /सिस/पॉवर/पीएम_टेस्ट मध्ये फ्रीझर, डिव्हाइसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स, कोअर असे टप्पे असतात. फ्रीझर लिहून सस्पेंड करा: मशीन तेवढ्याच टप्प्यापर्यंत जातं, पाच सेकंद थांबतं आणि परत येतं. मग डिव्हाइसेस, मग पुढचा. ज्या टप्प्यावर परत येणार नाही तिथे रोग. बहुतेकदा डिव्हाइसेसवरच अडतं, म्हणजे कुठलातरी ड्रायव्हर. मग संशयित मॉड्यूल एकेक उतरवून तीच चाचणी. काम झाल्यावर फाइलीत नन लिहायला विसरू नका, नाहीतर लॅपटॉप दर वेळी पाच सेकंदांत उठेल आणि तुम्ही नवीनच भूत शोधत बसाल.

पीएम_ट्रेस नावाचं आणखी एक साधन आहे, गोठलेल्या ड्रायव्हरचा माग ते घड्याळाच्या चिपमध्ये लिहून ठेवतं. त्यामुळे मशीनची तारीख-वेळ बिघडते. इलाज हरला तरच.

हायबरनेट

हायबरनेट म्हणजे मेमरीतलं सगळं डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद करणं. कॅट /सिस/पॉवर/डिस्क चालवून डिसेबल्ड आलं तर बहुतेक वेळा कारण सिक्युअर बूट (सही तपासूनच कर्नल सुरू करू देणारी फर्मवेअरची सोय) असतं. ते चालू असताना कर्नल लॉकडाऊनमध्ये जातो आणि हायबरनेट अडवतो. सिक्युअर बूट बंद करायचं की हायबरनेटवर पाणी सोडायचं हे तुम्ही ठरवा. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे डिस्कवर स्वॅपच, म्हणजे मेमरीतलं उतरवून ठेवायची जागाच, नसतो. फेडोरा ३३ पासून स्वॅप झेडरॅमवर असतो, तो मेमरीतच राहतो, आणि वीज गेल्यावर मेमरीतलं काय उरणार? डिस्कवर खरा स्वॅप हवा, आणि स्वॅप फाइल वापरत असाल तर रिझ्यूम बरोबर रिझ्यूम_ऑफसेटही द्यावा लागतो. हे एकदा जमलं की सस्पेंड-देन-हायबरनेट लावा. ठरावीक वेळ झोपून मग मशीन स्वतःच डिस्कवर उतरतं, आणि उथळ झोपेच्या लॅपटॉपवर याहून चांगला तोडगा मला सापडलेला नाही.

चार्जरवर असून मशीन कूर्मगतीने चालतंय?

ग्रेप मेगाहर्ट्झ घालून /प्रोक/सीपीयूइन्फो बघा. कमांडमध्ये हा शब्द एम, एच मोठे आणि शेवटचा झेड छोटा असा आखूड रूपात लिहायचा. सगळे कोर ४०० किंवा ८०० वर अडकून बसले असतील आणि लोड देऊनही हलत नसतील, तर सॉफ्टवेअरच्या मागे लागू नका. फर्मवेअरला चार्जर ओळखता आलेला नाही किंवा तो कमी वॉटचा आहे, म्हणून त्याने प्रोसेसरचा गळा आवळलाय. ६५ वॉट मागणाऱ्या लॅपटॉपला फोनचा टाइप-सी चार्जर लावला की हेच होतं. मूळ चार्जर लावून बघा. तरीही तसंच असेल तर मशीन पूर्ण बंद करून, चार्जर काढून, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा.

चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायचं असेल तर बॅट० च्या फोल्डरमध्ये चार्ज_कंट्रोल_एंड_थ्रेशोल्ड ही फाइल आहे का पाहा. असेल तर त्यात ८० लिहा. नसेल तर ड्रायव्हरचा आधार नाही.

बदल कायम करण्याआधी

कर्नल पॅरामीटर थेट ग्रबच्या फाइलीत लिहू नका. बूट होताना ग्रबच्या मेनूवर ई दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी पॅरामीटर जोडा, कंट्रोल-एक्स. हा बदल त्या एका बूटपुरता असतो. मशीन उठलंच नाही तरी पुढच्या वेळी सगळं पूर्ववत. वॉटचा किंवा गळतीचा आकडा खरोखर हलला, तरच फाइलीत.

फर्मवेअर अपडेट आहे का तेही बघून घ्या: एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर गेट-अपडेट्स. झोपेचे बरेच रोग बायोसच्या अपडेटने बरे होतात. आणि कालपर्यंत ठीक असलेलं आज बिघडलं असेल तर ग्रबच्या मेनूतून आदला कर्नल निवडून एकदा मोजा. तिथे सगळं नीट असेल तर तुमच्या सेटिंगची चूक नाही. डिस्ट्रोकडे तक्रार नोंदवताना दोन्ही कर्नलचे क्रमांक, दोन्हींवरचे वॉट आणि एंट्री-एक्झिटच्या त्या ओळी जोडा. "बॅटरी लवकर संपते" एवढ्यावर कोणालाच काही करता येत नाही.

माझ्या ग्रबच्या फाइलीत आज एकही जादा पॅरामीटर नाही. डोंगलचा तो एक नियम आहे. आणि तरीही बॅगेत टाकण्याआधी माऊसच्या पोटाखालचं बटण बंद करतो.